एका डोक्याचे दोन निकाल

आमच्या आत्याला शहरात तिच्या नावाने ओळखणारे फार थोडे. बाकी सगळ्यांसाठी ती ब्रेकबाई. तिची ड्रायव्हिंग स्कूल आहे. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. तो तिने गेली तीसेक वर्षं इतक्या उत्साहाने दाबला आहे की तिच्याकडे शिकलेला माणूस आजही दुसऱ्याच्या गाडीत बसला की आधी एक हात डॅशबोर्डवर टेकवतो. बँकेचे मॅनेजर, शाळेच्या मुख्याध्यापिका, एक निवृत्त न्यायाधीश, सगळ्यांनी तिच्या शेजारी बसून बोलणी खाल्ली आहेत. न्यायाधीशांना तर तिने भर चौकात विचारलं होतं, की निकाल द्यायलाही तुम्ही एवढाच वेळ लावत होतात का.

मी तिचा भाचा, आणि तिच्या मते तिच्या कारकिर्दीवरचा डाग. मी लायसन्सच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झालो आणि शेवटी परीक्षकालाच माझा कंटाळा आला म्हणून पास झालो. आता मी वीज कंपनीच्या तक्रार विभागात नोकरी करतो. तिथे ब्रेकची गरज पडत नाही, कारण तिथे काही पुढे सरकतच नाही. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका, शाळेत भूगोल शिकवायचे. कुठल्या देशात कुठली नदी हे त्यांना झोपेतही सांगता येतं, पण स्वयंपाकघरात साखरेचा डबा कुठे आहे हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही त्यांना माहीत नव्हतं. आत्याशी वाद घालण्याच्या फंदात ते कधी पडले नाहीत. तेवढं शहाणपण भूगोलाने त्यांना दिलं होतं.

आत्या स्वभावाने वाईट नाही, पण तिचंच कायम बरोबर असण्याचा आजूबाजूच्यांना फार त्रास होतो. ती नाकावर माशी बसू देत नाही, आणि बसलीच तर त्या माशीलाही दोन शब्द सुनावते. तिने आयुष्यात कधी कुणाची माफी मागितल्याचं आमच्या घरात कुणाला आठवत नव्हतं.

म्हणूनच ती माफी लक्षात राहिली. एक दातांची डॉक्टर तिच्याकडे शिकायला येत होती. वळणावर तिने गाडी सरळ पोस्टाच्या कुंपणाच्या भिंतीकडे नेली. आत्याने ब्रेक दाबला, म्हणजे दाबायचं ठरवलं. पाय हललाच नाही. गाडी भिंतीवर गेली, पुढचा दिवा फुटला, आणि आत्याने त्या बाईची रस्त्यातच अशी हजेरी घेतली की पोस्टातली माणसं खिडकीशी जमली. मग खाली उतरायला गेली तेव्हा तिच्या लक्षात आलं की उजवा पाय आपला नसल्यासारखा तिथेच पडून आहे. तासाभराने तो पुन्हा हलायला लागला. संध्याकाळी तिने डॉक्टरबाईंना फोन करून सांगितलं की चूक माझी होती, मला माफ करा. काकांनी हे ऐकलं आणि ते तडक फोनकडे गेले. त्यांनी मला फोन केला तेव्हा त्यांना पायाचं काही वाटत नव्हतं, त्यांना माफीची काळजी वाटत होती.

तपासण्या झाल्या. आत्याच्या मेंदूत गाठ निघाली. डोक्यात वर, मधोमध, पाय हलवणाऱ्या भागाला चिकटून. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलमधल्या सर्जननी चित्रं दिव्यासमोर धरून पाहिली. हा माणूस अंगाने दणकट आणि आवाजाने अगदी मऊ होता. त्याने सरळ सांगितलं की गाठ काढता येईल, पाय अधू होईल, पुढे किरणांचे उपचार घ्यावे लागतील, पण काढली तर बरीच वर्षं मिळू शकतात. नाही काढली तर मिळणार नाहीत. आत्याने विचारलं की कुठला पाय. तो उजवा म्हणाला. आत्या म्हणाली, “म्हणजे नेमका ब्रेकचा.” आणि कधी करायचं ते विचारलं. ऑपरेशनच्या आधी फक्त एक स्कॅन त्यांच्या स्वतःच्या मशीनवर काढून घ्यायचा होता, एवढंच राहिलं होतं.

घोडं अडलं ते तिथे. त्याच आठवड्यात हॉस्पिटलला भविष्य कळायला लागलं होतं.

त्यांनी एक संगणकाचा प्रोग्रॅम आणला होता. त्याचं नाव ‘अचूक’. मला अशा नावांची भीती वाटते. आमच्या ऑफिसातल्या टोळीलाही ‘तत्पर पथक’ म्हणतात. या अचूकला हॉस्पिटलमधल्या मागच्या कित्येक वर्षांतल्या रुग्णांचे मेंदूचे स्कॅन दाखवले होते, आणि प्रत्येकाचं पुढे काय झालं तेही सांगितलं होतं. त्यावरून तो नव्या रुग्णाचा स्कॅन बघून सांगणार, की हा हिरव्या गटातला, म्हणजे बराच काळ जगेल, किंवा हा लाल गटातला, म्हणजे नाही. मधे एक पिवळा गटही होता, पण त्यात कुणाला फारसा रस नव्हता. उद्घाटनाचा दिवस ठरला, तोच आत्याच्या स्कॅनचा दिवस होता.

दुसऱ्या मजल्यावरच्या नेहमीच्या एमआरआय मशीनच्या दाराला अचूकच्या उद्घाटनाची लाल फीत बांधलेली होती. पाहुणे आल्याशिवाय ती कापायची नव्हती, आणि ती कापल्याशिवाय आत जायचं नव्हतं. पाहुणे वाटेत होते. सकाळच्या सगळ्या रुग्णांना पुढच्या तारखा देऊन घरी पाठवलं. ज्यांचं ऑपरेशन अगदी तोंडावर आलं होतं अशा दोघांना मात्र तळघरातल्या जुन्या मशीनवर पाठवलं. आत्याला आणि एका बेकरीवाल्याला.

तळघरातलं ते मशीन फक्त अपघात विभाग आणि अतिदक्षता विभागासाठी ठेवलेलं होतं, कारण त्यांना ते जवळ पडे. स्ट्रेचरवरून आणलेले, शुद्ध हरपलेले, नाकातोंडात नळ्या असलेले लोक तिथे यायचे. त्यामुळे आत्या, बेकरीवाला आणि मी आपापल्या पायांनी आत शिरलो तेव्हा तिथला माणूस आम्हाला म्हणाला की नातेवाइकांनी बाहेर थांबा, पेशंट कुठे आहे.

बाहेर एक बाक होता. बेकरीवाला आत्याच्या शेजारी बसला. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्याची छोटी बेकरी होती. माणूस चांगला उभा-आडवा, हात पिठाच्या कामाने रुंद झालेले, पण बोलणं असं की पुढे वाकून ऐकावं लागे. त्याचा आजार विचित्र रीतीने उघडा पडला होता. त्याला ब्रेड करपल्याचा वास यायचा. चांगल्या भाजलेल्या ब्रेडच्या पेट्याच्या पेट्या तो फेकून द्यायचा आणि बायको मागून ओरडायची की अहो, काहीही करपलेलं नाही. शेवटी तिनेच त्याला डॉक्टरांकडे ओढत नेलं. वासाच्या जागेशी गाठ होती. तीही काढायची ठरली होती.

वरून भाषणांचे आवाज लिफ्टच्या पोकळीतून खाली येत होते. कुणीतरी तंत्रज्ञानाच्या नव्या पहाटेबद्दल बोलत होतं. आत्याचा पारा चढायला लागला. तिने बेकरीवाल्याला सांगितलं की आपल्या नंबरवर फीत बांधून ठेवलीय, आपण वर जाऊन भांडू. तो हसून म्हणाला, “राहू द्या ना ताई. त्यांचा आज कार्यक्रम आहे.”

पुढच्या आठवड्यात आम्हाला बोलावलं. सर्जन टेबलाकडे बघत बोलत होते. डॉक्टरांची दर आठवड्याला बैठक होते, तिथे अचूकचा निकाल मांडला गेला, आणि आत्या लाल गटात आली होती. एवढ्या मोठ्या ऑपरेशनचा त्रास देऊन हाती फारसं लागणार नाही, असं बैठकीचं मत पडलं होतं. घरी राहावं, आरामात राहावं, औषधांनी जेवढं सुसह्य करता येईल तेवढं करू.

आत्याने विचारलं की गाठ वाढली का. नाही. जागा बदलली का. नाही. माझी तब्येत बिघडली का. तेही नाही.

“मग मागच्या आठवड्यात काढता येत होती ती आता का येत नाही?”

“अंदाज आला,” सर्जन म्हणाले. ते म्हणताना त्या दणकट माणसाला स्वतःचीच लाज वाटत होती, हे मला स्पष्ट दिसलं. मला त्याचा राग आला आणि कीवही आली.

लाल गटाची बातमी घरात पसरायला वेळ लागला नाही. नातेवाईक यायला लागले आणि दारातच आवाज उतरवून बोलायला लागले. माझ्या वडिलांनी उभ्या आयुष्यात बहिणीपुढे एका मुद्द्यावरही माघार घेतली नव्हती. त्यांनी येऊन कबूल केलं की लहानपणी रेडिओ मीच फोडला होता. आत्याला ते आधीपासून माहीत होतं, पण कबुली मिळाल्यावर तिचा चेहरा पडला. काका साखरेचा डबा शोधून काढायला शिकले. एक लांबची वहिनी शिकाऊ गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाली की गाडी अजून चांगल्या अवस्थेत आहे, नाही का. जुने विद्यार्थी भेटायला आले आणि तिने काहीही म्हटलं तरी “बरोबर आहे मॅडम” म्हणत बसले. ते गेल्यावर ती मला म्हणाली की गाठीचं मला काही नाही, पण हे लोक मला बरोबर म्हणून म्हणून मारतील.

मग ती अचूकच्या मालकाला भेटायला निघाली. मालक म्हणजे हॉस्पिटलमधल्या स्कॅन विभागाचे प्रमुख. अतिशय स्वच्छ माणूस, कपड्यांनी आणि बोलण्यानेही. त्यांच्या खोलीत भिंतीवर रंगीत मेंदूंची चित्रं होती. त्यांनी आत्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि समजावून सांगितलं की माणसाच्या डोळ्याला दिसत नाहीत असे हजारो बारकावे अचूकला दिसतात.

“माझ्या डोक्यात त्याला कुठला दिसला?” आत्याने विचारलं.

“तसं एकेक सांगता येत नाही. तो स्वतःचं स्वतः शिकलाय.”

“म्हणजे तुम्हालाही माहीत नाही.”

“आम्हाला निकाल माहीत आहे.”

आत्याने त्यांना सांगितलं की माझ्याकडे असा एक जण शिकायला होता. गाडी भिंतीवर का नेलीस विचारलं तर म्हणायचा, मला नाही माहीत, गेली. (तो मीच. पण प्रमुखांसमोर मी गप्प बसलो.) प्रमुख सौजन्याने हसले. आत्याने एकच मागणी केली की फीत कापून झाली असेल तर माझा स्कॅन वरच्या मशीनवर काढा, ज्यावर काढायचा ठरला होता त्यावर. प्रमुख म्हणाले की त्याची काही गरज नाही, मेंदू तोच आहे.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि आत्याच्या सांगण्यावरून शिकाऊ गाडी हॉस्पिटलच्या आवारात नेली. ती शेजारी बसून सूचना देत होती. प्रमुखांच्या गाडीसाठी एक जागा राखून ठेवली होती, जमिनीवर त्यांचा हुद्दा पिवळ्या रंगात रंगवलेला होता. मी गाडी त्यांच्या गाडीच्या मागे आडवी लावली. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गाडी पहिल्याच प्रयत्नात लावली, आणि हे आत्यानेही मान्य केलं. मग तिने चावी काढून पर्समध्ये टाकली आणि पर्सवर बसली. सुरक्षारक्षक धावत आला, खिडकीतून आत बघितलं, आणि त्याचा हात आपोआप कशाला तरी टेकायला पुढे झाला. तो तिच्याकडेच शिकला होता. तो म्हणाला की मॅडम, मी तुम्हाला बघितलंच नाही, आणि दुसऱ्या फाटकाकडे निघून गेला.

प्रमुखांना त्या दुपारी एका परिषदेत अचूकवर भाषण द्यायचं होतं. ते खाली आले. आधी विनंती केली, मग नियम सांगितले, मग पोलिसांचं नाव घेतलं. आत्या म्हणाली की पोलिसांना जरूर बोलवा, त्यांच्यातले निम्मे माझेच आहेत. मी आयुष्यभर खिडकीच्या आतल्या बाजूला बसून अशा लोकांना परत पाठवत आलो आहे, त्यामुळे प्रमुखांबद्दल मला आतून सहानुभूतीच वाटत होती. शेवटी त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि कागदावर लिहून दिलं की रुग्णाच्या समाधानासाठी पुन्हा स्कॅन करावा.

स्कॅन झाला. वरच्या मजल्यावर, नेहमीच्या मशीनमध्ये. अचूकने तो पाहिला आणि आत्याला हिरव्या गटात टाकलं.

गाठ तीच, जागा तीच, आकारात सुताचाही फरक नाही. अवघ्या आठवड्याभरात आत्याचं आयुष्य वाढलं होतं. बैठकीत काय झालं ते नंतर सर्जननी सांगितलं. प्रमुखांनी आधी सुचवलं की रुग्णाची प्रकृती सुधारली असावी. मग कुणीतरी विचारलं की गाठीने सुधारणा कशी केली, तर ते म्हणाले की दोन्ही निकाल आपापल्या मर्यादेत बरोबर असू शकतात. मी ते वाक्य लिहून घेतलं आहे, आमच्या ऑफिसात उपयोगी पडेल.

सर्जन मात्र या वेळी टेबलाकडे बघत नव्हते. त्यांनी ज्या कंपनीने अचूक बनवला तिच्या इंजिनिअर बाईंना बोलावून घेतलं. त्यांनी दोन दिवस दोन्ही स्कॅन तपासले आणि आम्हाला सर्जनच्या खोलीत बसवून समजावून दिलं. बाईंना फार आनंद झाला होता, बोलताना मधेमधे “फार मजेशीर आहे हे” म्हणत होत्या. प्रत्येक मशीनच्या चित्राचा स्वतःचा एक पोत असतो, जुन्या मशीनचा जरा खरखरीत. अचूक शिकला त्या सगळ्या वर्षांत तळघरातल्या मशीनवर फक्त मरणाच्या दारातले रुग्ण जात होते, बाकीचे सगळे वरच्या मशीनवर. म्हणजे चित्र खरखरीत आणि तरीही माणूस जगला, असं अचूकला कधी बघायलाच मिळालं नव्हतं. गाठ बघण्यापेक्षा हे सोपं होतं. त्याने तेच शिकून घेतलं.

“म्हणजे मी तळघरात गेले म्हणून मरणार होते,” आत्या म्हणाली.

“थोडक्यात, हो,” बाई म्हणाल्या.

आत्या हसली नाही. तिने पहिला प्रश्न विचारला तो बेकरीवाल्याचा. तोही त्याच दिवशी त्याच बाकावर होता. सर्जननी मान खाली घातली आणि सांगितलं की तोही लाल गटात आला होता, त्याचंही ऑपरेशन रद्द झालं होतं, आणि तो डॉक्टरांचे आभार मानून घरी गेला होता.

आत्या तिथून उठून प्रमुखांकडे गेली. त्याला वर बोलवा, वरच्या मशीनवर त्याचा स्कॅन काढा. प्रमुख म्हणाले की अर्थातच, तळघरातल्या अशा सगळ्या रुग्णांचा फेरविचार होईल, प्रक्रिया सुरू आहे. हे वाक्य मी दिवसाला पन्नासदा वापरतो, त्याचा अर्थ मला पक्का माहीत आहे. बाहेर आल्यावर मी आत्याला तो सांगितला. ती म्हणाली की सगळेच काही तुझ्यासारखे नसतात.

पण तिलाही थोडी शंका असावी, कारण तिने एक सौदा केला. हॉस्पिटलला अचूकचं माहितीपत्रक छापायचं होतं आणि प्रमुखांना त्यावर एखादा हिरव्या गटातला हसरा चेहरा हवा होता. त्यांनी आत्याला फोटो मागितला. आत्या म्हणाली की बेकरीवाल्याला फोन करा, मग देते. प्रमुखांनी तिच्यासमोर कुणाला तरी हाक मारून सांगितलं की त्यांना आजच्या आज फोन लावा. आत्याने फोटो दिला. वरच्या मशीनशेजारी उभी, अंगठा वर केलेला. अंगठा वर करायला तिला फोटोवाल्याने सांगितलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने कुणाचं तरी ऐकलं होतं.

ऑपरेशन झालं, चांगलं झालं. उजवा पाय ओढत चालावं लागतं, हातात काठी आली. किरणांचे उपचार सुरू झाले. रोज जायचं, यायचं, आल्यावर झोपायचं. त्या दिवसांत जो कुणी भेटायला येई त्याला ती पार्किंगची हकीगत सांगे. हकीगत दर वेळी थोडी वाढत होती. शेवटी शेवटी तिच्यात प्रमुख रडायला लागले होते. मधूनमधून ती हॉस्पिटलमध्ये विचारायची की त्या बेकरीवाल्याचं काय झालं, आणि काउंटरवरून सांगायचे की त्यांना कळवलेलं आहे. माहितीपत्रक छापून आलं. गुळगुळीत कागद, पहिल्याच पानावर आत्या, खाली मोठ्या अक्षरांत ‘अचूक म्हणाला जगतील. आणि त्या जगल्या.’ काकांनी त्याच्या दहा प्रती आणल्या आणि घरभर ठेवल्या. लोक पुन्हा तिच्याशी वाद घालायला लागले, काका पुन्हा साखरेचा डबा विसरले, आणि ती खूश होती. मीही होतो.

उपचार संपल्यावर तिच्या गॅरेजवाल्याने ब्रेकला एक दांडा जोडून दिला, म्हणजे आता ती हाताने ब्रेक लावते. विद्यार्थी म्हणतात की आधीपेक्षा जोरात लागतो. पहिल्यांदा गाडीत बसून बाहेर पडली त्या दिवशी तिने मला शहराच्या दुसऱ्या टोकाला न्यायला सांगितलं. बेकरीवाल्याला बघायचं होतं. तो आपल्याआधी हिंडाफिरायला लागला असेल, असं ती वाटेत म्हणाली.

बेकरी उघडी होती. आत भट्टीची ऊब होती आणि काउंटरमागे त्याची बायको उभी होती. तिने आत्याला बघितलं आणि लगेच ओळखलं. काउंटरमागच्या भिंतीवर आत्या होती, अंगठा वर केलेली, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावलेली.

तिने आम्हाला खुर्च्या दिल्या. बेकरीवाला महिन्यापूर्वी गेला होता. शेवटी फार त्रास झाला नाही, झोपेतच गेला, असं तिने सांगितलं. आत्याने विचारलं की हॉस्पिटलमधून फोन आला होता का. बाई म्हणाली की एकदा आला होता, ह्यांनीच उचलला होता, घरी आराम चालू आहे ना असं विचारलं, हे हो म्हणाले, आणि तिकडून फोन ठेवून दिला.

मग ती भिंतीकडे बघून म्हणाली, “मी ह्यांच्या मागे लागले होते, की दुसऱ्या एखाद्या डॉक्टरला दाखवू. हे जरा तयारही झाले होते. तेवढ्यात हा कागद आला. हे म्हणाले, या ताई माझ्याबरोबर तळघरात होत्या. यांचं त्या अचूकने बरोबर सांगितलं, मग माझंही बरोबरच सांगितलं असणार. उगाच कशाला डॉक्टरांचा अपमान करायचा.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिला मशीनबद्दल आदर होता. ऑपरेशन झालं असतं तर तो वाचला असता, असं मी म्हणत नाही. ते कुणालाच माहीत नाही आणि आता कधी कळणारही नाही. हॉस्पिटलच्या आकड्यांत मात्र तो बरोबर ठरलेल्या अंदाजांमध्ये मोजला गेला आहे, आणि आत्याही.

आत्याला गप्प राहता आलं असतं. पण ती आमची आत्या आहे. तिने सगळं सांगितलं, तळघरातल्या मशीनचं, खरखरीत चित्रांचं, आपलाही निकाल आधी लालच आला होता ते, भांडून पुन्हा स्कॅन काढून घेतला ते. पार्किंगची हकीगत तिने एका वाक्यात संपवली. बाई ऐकत होती. मधे एक गिऱ्हाईक आलं, तिने त्याला ब्रेड दिला आणि पुन्हा येऊन उभी राहिली.

“तळघराचं हे तुम्हाला कधी कळलं?” तिने विचारलं.

“माझ्या ऑपरेशनच्या आधी,” आत्या म्हणाली.

“तेव्हा हे रोज भट्टीवर उभे राहत होते,” बाई म्हणाली.

एवढंच बोलून ती वळली. भिंतीवरच्या कागदाच्या चारही चिकटपट्ट्या तिने नखाने सोडवल्या, कागदाची घडी घातली आणि तो आत्याच्या हातात दिला.